यंदाची मापं

४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

दादाला बहिणीची आठवण नेमकी फेब्रुवारीतच कशी येते, असं म्हणत तू पाकीट फोडलं असशील. बरोबर आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्या कागद कारखान्याशी आमच्या काच कारखान्याची मॅच आहे. तू तिथल्या संघाच्या जर्सी शिवतेस, मी इथल्या पोरांना खेळ शिकवतो, आणि एकोणीस वर्षं आपण एकमेकांना संघ कळवत आलो. तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तू नुसती मापं पाठवतेस. छातीवरून मी दम ओळखतो, आणि जुनी जर्सी कुठे फाटली यावरून खेळ.

आमचे यंदा मोजून अकरा. तीनपैकी एकच भट्टी पेटती आहे, त्यामुळे जो तो दुसरीकडे काम शोधतोय. गोलात आमची शिडी, तो ताडमाड उंच पोरगा, आणि नऊ नंबरला तुझा भाचा, आपला थोरला. मागे दोनदा माणसं कमी पडली होती. या वेळी सात जण मैदानात उभे राहिले नाहीत तर बत्तीस वर्षांच्या संघाचं नाव स्पर्धेतून कायमचं काढून टाकू, असं भरवणाऱ्यांचं पत्र आलंय. अकरा आहेत तोवर घोर नाही, असं मी तुझ्या वहिनीला सांगतो.

मापं लवकर धाड, मायेत खंड नको.
तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

आमच्याकडे टंचाई नाही बाबा, सोळा जर्सी शिवायच्या आहेत. नवं मशीन आलंय, भरती जोरात आहे, आणि कामाला लागेल त्यालाच संघात घेतात. गोलकीपरची छाती चव्वेचाळीस, पण पोट त्याच्याही पुढे चालतं. मधल्या दोघांच्या जर्सी कोपरावर फाटल्यात, म्हणजे ते धक्काबुक्की करत असणार.

नवे तिघे आलेत. एकाचा डावा खांदा इंचभर उतरलेला, शिवण तिरकी घ्यावी लागली. दुसरा छत्तीस छातीचा, टेप लावला की गुदगुल्या होऊन हसतो. तिसऱ्याच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, त्याला बाही लांब हवी. तिघेही मला आत्या म्हणाले. का ते विचारलं तर जर्सी कधी मिळेल, असं विचारत निघून गेले.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.
छोटी

१५ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तू मला माझ्याच माणसांची मापं पाठवलीस. तो उतरलेला खांदा मी मैदानातच दाबून बसवला होता. हसणारा तो आमचा भोवरा, आणि डाग आमच्या भट्टीचा. ते तुला आत्या म्हणणारच, थोरल्याबरोबरच वाढलेत. आजारी म्हणून घरी बसलेत, असं मला सांगितलं होतं. रागावलो नाही, पण जेवण गेलं नाही.

काल दोन्ही याद्या शेजारी ठेवून बसलो. जिथे तुमचा माणूस सरस तिथे आमच्यावर काट मारत गेलो. शेवटी आमच्या दोनच जागा उरल्या, शिडी आणि थोरला. सात लागतात, आठ आहेत. कुणाला ताप येऊ नये, एवढंच.

तुझा काही दोष नाही, मनाला लावून घेऊ नकोस.
दादा

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. काल थोरला आला होता. मशीनचा सुटा भाग आणायला जातो, असं तुला सांगून निघाला होता म्हणे. आल्या आल्या दोन तांबे पाणी प्यायला. मग म्हणाला, आत्या, माप घे. छाती अडतीस, नंबर नऊ. सूनबाईला सातवा महिना, बंद पडणाऱ्या भट्टीच्या भरवशावर बसू कसा, असं मलाच विचारत होता. बरोबर एक उंच माणूस होता, त्याच्या बाहीला माझा टेप पुरेना. तोच तुझी शिडी असावा.

तुला सांगू नकोस म्हणून त्याने हात जोडले. मी म्हटलं, तुझ्या बापाला मापं कळवायची माझी रीत मी मोडणार नाही. दादा, शिवताना सुई दोनदा बोटात गेली.

रागावलास तरी चार ओळी लिही.
छोटी

२६ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

सहा उरले. कामावर असलेला कुणीही चालतो, असा नियम आहे, आणि कामावर मी अजून आहे. सातवा मी. गोलात उभा राहीन. पुढच्या महिन्याअखेर शेवटची भट्टीही विझवणार, तशी नोटीस काल लागली. म्हणजे संघाचं नाव वाचलं तरी खेळायला कुणी नाही. हे सगळं कळूनही मी रविवारी येणार.

तुझ्याकडे उरलेलं कापड असेल तर एक जर्सी माझी शिव. छाती एकेचाळीस, पोटाला दोन इंच सैल, नंबर एक. रंग कोणताही चालेल, गोलकीपरला वेगळाच लागतो.

थोरल्याला मी काही बोललो नाही. जेवताना एकमेकांकडे मीठ मागतो, तेवढंच. तू त्याला माझा निरोप दे. बाप उभा आहे म्हणून हळू मारू नकोस म्हणावं. माझ्या उजव्या हाताला, खालून मार. उजवा गुडघा माझा वाकत नाही, हे त्याला ठाऊक आहे. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी सगळे बघत असतात.

त्याच्यावर माया ठेव, माझ्यावर आहेच.
तुझा दादा