म्हातारपणी परत देव

३ फेब्रु. ९६, शनि. ईडन प्रेरी, अमेरिका
बर्फ. बाहेर जाणं कॅन्सल. सुजाताने हॉलच्या भिंतीवर स्लाइडी लावल्या, पीएच.डी.चं काम. फ्रान्सचा कोणी जुना चित्रकार. तरुणपणी देव काढले. मग राजाविरुद्ध उठला, देव सोडून माणसं काढली. म्हातारपणी परत देव. मी म्हटलं, कच्चा निघाला. पोरगी म्हणे प्रोफेसरही तेच म्हणतात, म्हातारा थकला. तिला पटत नाही. कशाला एवढा घोळ.

६ फेब्रु.
नागपूरहून भाच्याचा फोन. माझ्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, सोमवारी ऑपरेशन. हृदयाचं. मी वर्षभर तिच्याशी बोलत नाही. बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरचे सगळे देव मीच नदीत सोडले. गेल्या साली हिच्या ट्रंकेत मरीमायचा टाक निघाला. बोटभर चांदीचा पत्रा, इतकी वर्षं लपवलेला. म्हणे, "पुजत नाही गं ताई. आपल्या मायचा हात लागलाय त्याला." मी उठून आले.
जेवण गेलं नाही.

१० फेब्रु., शनि.
दोन स्लाइडी शेजारी शेजारी. पहिलीत लढाईचा देव, तलवार उगारलेली, कपडे उडतायत. दुसरी म्हातारपणची. तोच देव पलंगावर, तलवार देऊन टाकतोय, कोणी चपलेचा बंद सोडतंय. ड्युटीवरून घरी आलेला नवरा दिसतो. मी विचारलं, हा देव आहे की माणूस?
"म्हणून तर चॅप्टर अडलाय, आई. तूच सांग. तू तर सगळे बुडवलेस."
टोमणा कळला. पण चित्रात देवासमोर कोणी हात जोडलेले नाहीत. मग पूजा कशी म्हणायची? आणि पूजा नाही तर काढला कशाला?
डोकं दुखलं. स्लाइड बंद करायला लावली.

११ फेब्रु., रवि.
सकाळी सुजाताला म्हटलं, नंबर लाव. शेवंतानेच उचलला. तब्येत विचारायची होती, तोंडातून निघालं, "तो टाक कुठंय?"
ती म्हणाली, "उशाखाली आहे. उद्या दवाखान्यात नेणार होते. तू म्हणशील तर टाकते नदीत."
मी म्हटलं, "थांब."
लाइन कटली. सुजाता तेव्हापासून फिरवतेय, एंगेज लागतोय. थांब तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. आणि थांब म्हणजे टाकू नको, की नेऊ नको, ते माझं मलाच अजून कळलं नाही.