वाणात गेलेल्या ट्यूबा

२४ फेब्रुवारी, धावडा
सकाळपासून काकूच्या ओसरीत मशीन मांडून बसले. उन्हात राबणाऱ्या बायकांचे गाल मोजायचे, आमच्या मलमाने फरक पडला का बघायला: कातडीचा ताण, सुरकुत्यांची खोली. शेवटची फेरी. ही जमली की पेपर, पेपर झाला की संभाजीनगरची नोकरी टिकते. न्हाईतर मार्चअखेर नारळ.
शांताबाईचा गाल बघून थक्क. सगळ्यात करपलेला चेहरा होता हिचा. म्हणते, "पोरीच्या लग्नात मीच नवरी दिसंन बघा." लगेच संशोधनाच्या सरांना फोटो. नाचायचीच बाकी होते.

२५ फेब्रु.
डोकं फिरलंय. निम्म्या बायकांना औषधाचं मलम, निम्म्यांना नुसतं साधं. कुणाला कोणतं ते मलाही माहीत नसतं, म्हणून तर ट्यूबेवर नंबर. आज ट्यूबा मागवल्या, तर काकूच्या हातात भलताच नंबर.
"माझी व्हय? ती शांताबाईला गेली की. संक्रांतीच्या वाणात."
सख्खी चुलती माझी. हिनेच या बायका जमवल्या, आणि हिच्याच घरी हळदीकुंकवाला जानेवारीच्या नव्याकोऱ्या ट्यूबा एकमेकींना वाण म्हणून लुटल्या. सगळ्यांनी. शांताबाईकडे लग्न, म्हणून तिला तिघीचौघींच्या.
मी ओरडले. कुणाला देऊ नका म्हणून किती घसा फोडल्ता.
"वाणाला कोण न्हाई म्हणतं? अन् भंगार देतात का वाणात? चांगलं होतं म्हणूनच दिलं."
परत घ्या म्हणाले, तर काकूने असं बघितलं, जणू मी सणासुदीचं काही अभद्र बोलले. जाऊ दे. घेऊन तरी काय उपयोग. लावून झालंय सगळ्यांचं.

२६ फेब्रु., जालना
मस्तगडला घरी. जेवण गेलं न्हाई. सरांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, "हे तुला गप्पांत कळलं ना? मशीनला कुठं कळलंय?" हसले. मी न्हाई हसले.
डिसेंबरपर्यंतचेच, वाणाआधीचे आकडे धरून पाहिले. फरक दिसतो, पण छातीठोक सांगण्याइतका न्हाई. म्हणजे एवढी वर्षं…

१ मार्च
सरांचा फोन. पैसे देणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या बाई ४ तारखेला धावड्यात येणार, बायकांशी बोलणार. "आधी जाऊन त्यांना नीट सांगून ठेव." शांताबाईचा फोटो अहवालाच्या पहिल्याच पानावर घातलाय म्हणे.
नीट म्हणजे काय ते कळतं मला. संताप आला सरांचा. पण मी त्यांना हो म्हणाले न्हाई, आणि न्हाईसुद्धा म्हणाले न्हाई.

३ मार्च, धावडा
बाई येणार एवढंच फोनवर कळवलं होतं; पुढचं काकूला सांगायची वेळच आली न्हाई. शेंगा फोडता फोडता तिनेच काढलं, "कायला सुकून राह्यलीस? नोकरी जाते का तुझी, आमच्यापायी?"
मी मान हलवली.
"मंग झालं. उद्या कुणी विचारलं तर सगळ्या एकच सांगू, ज्याची ट्यूब त्याला. बिलकुल घोर करू नको."
नको म्हणायचं होतं. रडूच आलं. या बायका माझ्यासाठी खोटं बोलणार आणि मला ते हवंय. लाज वाटते लिहायला.

४ मार्च, दुपार
बाई आल्या. शांत, वयस्कर. एकेकीला जवळ बसवून विचारलं. सगळ्यांचं तेच: "ज्याची त्याला, मॅडम." काकू दारात उभी, मास्तरीण परीक्षेला उभी राहते तशी.
शांताबाईपाशी थांबल्या. तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बराच वेळ बघितलं. "एकच ट्यूब लावली?"
शांताबाईने माझ्याकडे बघितलं. "एकच. पोरीची आन."
शपथ कुणी मागितली नव्हती. महिन्यावर लग्न आलंय त्या पोरीचं.
आता बाई जेवायला बसल्यात. जेवण झालं की माझी सही हवी, माहिती खरी आहे म्हणून. मी आत कोठीच्या खोलीत हे लिहून राह्यले. शांताबाई चुलीपाशी भाकरी करतीये. मघापासून वर बघितलेलं न्हाई तिने.
सरांचा फोन दोनदा वाजला. काकू हाक मारतीये, "ये गं जल्दी, मॅडम थांबल्यात."
तिने पोरीची आन घ्यायला नको होती. उठते.