पाळणाघर: शून्य पूर्णांक शून्य कोटी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का, मामींच्या शिवणयंत्राची सुई परत मोडली का, आणि मुख्य म्हणजे नवा चष्मा हाती आला का, ते कळवा. चष्म्याचं मुद्दाम विचारतोय. या पत्रातलं सगळं रामायण तुमच्या जुन्या चष्म्यापासून सुरू झालंय. (रागवू नका. मोठ्या माणसाला दोष देण्याची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून चष्म्याला देतोय.)

गेल्या वर्षी संचालकांच्या बैठकीत मी केलेला खर्चाचा तक्ता तुमच्यापुढे आला होता, आठवतं? आपल्या साबणाच्या कारखान्याचा वर्षाचा एकूण खर्च होता १२३९८४५६००. मी तो असाच, स्वल्पविरामाशिवाय, मुंग्यांच्या रांगेसारखा सोडून दिला होता. तुम्ही बोटाने अंक मोजत निघालात, मध्ये चहा आला, एक घर सुटलं, आणि एकशेचोवीस कोटींचे तुम्ही बारा कोटी वाचलेत. तेवढ्यावर थांबला असतात तरी निभावलं असतं. पण कामगारांनी निवडून दिलेला संचालक म्हणून तुम्ही उठून उभे राहिलात आणि एवढ्या काटकसरीबद्दल अध्यक्षांचे जाहीर आभार मानलेत. टाळ्याही पडल्या. (टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही तक्ता वाचला नव्हता, हे मला नंतर घरी जाताना सुचलं आणि जेवण गेलं नाही.)

दुसऱ्याच दिवशी आमच्या हिशेबखात्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, आकडे माणसांना वाचता येतील असे करा. मी स्वल्पविराम घातले, तर संगणकाने ते तीन-तीन अंकांवर टाकले, आणि आपण पडलो हजार-लाख-कोटीत मोजणारी माणसं. ते सुधारलं, तर रकाने अरुंद पडले आणि आकड्यांच्या जागी नुसतं जाळीचं कुंपण दिसायला लागलं. रकाने रुंद केले, तर तक्ता दोन कागदांवर गेला आणि मला तो डिंकाने जोडावा लागला. आलेखात तर अंक एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं: सगळं कोटीत, दशांशानंतर एकच अंक. आणि खरं सांगतो मामा, तक्त्याचा चेहराच उजळला. कच्चा माल ६२.३, पगार ३१.८, वीज ११.४. लहान पोरालाही वाचता यावं.

मग संगणकाच्या पडद्यावर आलेख पाहायला साहेब माझ्या टेबलाशी आले. कच्च्या मालाचा खांब छताला टेकलेला, आणि पार उजवीकडे, तळाशी, केसाएवढी एक रेघ. साहेबांनी खिशातून रुमाल काढून ती पुसली. जाईना, म्हणून तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली. मी म्हटलं, साहेब, ते पाळणाघर आहे. साहेबांनी रुमालाची घडी घातली (त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, पण घडी नीट घातली) आणि म्हणाले, की ज्या ज्या ओळीत ०.० आलंय त्या सगळ्या काढून टाका, शून्यांची गर्दी नको. मी काढल्या. यात साहेबांचा काही डाव नव्हता, हे शपथेवर सांगतो. पुढच्या वर्षाची तरतूद याच स्वच्छ तक्त्यावरून झाली आणि तिच्या चाळीस प्रती छापून, बांधून तयार झाल्या.

त्यातली एक मी आईला दाखवायला घरी नेली. मुलाची कर्तबगारी दाखवायची हौस, दुसरं काय. आईने चष्म्याशिवाय वरपासून खालपर्यंत वाचली, कौतुकही केलं, आणि म्हणाली, "पाळणाघर कुठाय रे?"

पाळणाघराचा वर्षाचा खर्च चार लाख साठ हजार. कोटीत मांडला की ०.०. शून्य म्हणून ओळ गेली, ओळ नाही म्हणून तरतूद नाही. म्हणजे पुढच्या महिन्यापासून पोरं सांभाळणाऱ्या मावशींना पगार नाही, दूध नाही, आणि तेवीस पोरांना बसायला जागा नाही. कोणी ते बंद करायचं ठरवलं नाही. मी फक्त आवराआवर केली. आई पॅकिंगला होती तेव्हा पाळी सुरू व्हायच्या आधी तुम्हीच मला खांद्यावरून तिथे पोचवायचात. दहापर्यंत मोजायला मी त्या खोलीत शिकलो, मावशींच्या लाल मण्यांवर, आणि त्याच मोजण्याच्या जोरावर मी त्यांची ओळ पुसली. याची मला फार लाज वाटते. त्यांना तोंड चुकवायला मी आठवडाभर मागच्या फाटकातून ये-जा करतोय. साहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, आता छापून झालंय, बैठकीत कोणी विचारलं तर बघू. आणि वर म्हणाले, कोणी विचारत नाही.

असो. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. गुरुवारच्या बैठकीत तुम्ही विचाराल का? आईचाच प्रश्न, 'रे' सोडून दोनच शब्द. मात्र चहाच्या आधी विचारा. चहानंतर तुमचा डोळा लागतो, हे सगळ्या संचालकांना ठाऊक आहे.

आणखी एक. तुम्ही विचारलंत की साहेब माझ्याकडे बघतील. लाखांत मांडलेला तक्ता मी टेबलाच्या खणात तयार ठेवलाय. त्यात पाळणाघर ४.६ असं ठसठशीत दिसतं.

शेवटचं, आणि हे लिहायला मी तीन दिवस लावले. लाखांच्या त्या तक्त्यात पाळणाघराच्या बरोब्बर वरची ओळ आहे: संचालकांची मोटार, ४.९ (तुम्हाला बैठकीला न्यायला येते तीच). कोटीत तीही ०.० होती आणि तीही मी काढली होती. पण मोटारीचा चालक दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन आला, म्हणून साहेबांनी तिची सोय 'इतर' मध्ये केली. मावशी विचारायला आल्या नाहीत, पोरांना सोडून त्या येणार कशा? तेव्हा तुम्ही विचारलंत तर दोन्ही ओळी सगळ्यांना दिसतील, आणि दोन्ही राहतील असं मला वाटत नाही. तुमचा गुडघा मला माहीत आहे. नाही विचारलंत तरी मी समजून घेईन. आई मात्र शेजारी बसून हे वाचतेय आणि ती समजून घेणार नाही. तिने लिहायला सांगितलंय, की गुरुवारी नऊ चाळीसची बस तुमच्या कोपऱ्यावरच थांबते आणि तिची पायरी खाली आहे.