बाथटबमधला नमस्कार

नोव्हाय, मिशिगन
१६ सप्टेंबर १९८६

ती. शैलामावशीस,

तुझं पत्र केव्हाच पोचलं. तुझ्या सूनबाईने, उत्तराने, ते फ्रिजवर लावून ठेवलंय, त्यामुळे दूध काढायला गेलं तरी तुझं अक्षर समोर. गुडघा काय म्हणतोय? इथे थंडी पडायला लागली. ऑफिसात गाड्यांचे ब्रेक तपासणं चालू आहे, आणि तुझी सून ठणठणीत.

तू दोन गोष्टी विचारल्यास. डिसेंबरात तुझ्या नाटकमंडळीच्या पंचविशीला नागपूरला येऊन मी एकपात्री करणार का? आणि इकडे स्टेजवर पाऊल टाकण्याआधी नमस्कार करतो ना, तू शिकवलास तसा? सांगतो.

आधी इथली गंमत ऐक. गंमत कसली, शिसारी! इकडे स्टँड-अप कॉमेडी म्हणून प्रकार आहे. माइकसमोर एकट्याने उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. सध्या त्याचं असं पेव फुटलंय की लोक कुठेही करतात. लाँड्रीत करतात, बोलिंगच्या हॉलमध्ये करतात. मी एकदा मासळीच्या दुकानात केली, शर्ट फेकून द्यावा लागला. आणि मार्चपासून दर शुक्रवारी मी कुठे करतो ठाऊक आहे? संडासाची भांडी विकणाऱ्या दुकानात! शप्पथ. प्रेक्षक विक्रीच्या नव्याकोऱ्या कमोडवर बसतात, मांडीवर पॉपकॉर्न. मी गुलाबी बाथटबमध्ये उभा. कोरी असली म्हणून काय झालं, त्यांच्यावर बसून माणसं चरताना बघितली की मी छताकडे बघत विनोद सांगतो. एकदा तर एका दारुड्याने खरोखरच... जाऊ दे, तू जेवायला बसली असशील.

पहिल्या शुक्रवारी टबात पाय टाकण्याआधी मी सवयीने वाकलो. काठाला हात लावला, कपाळाला लावला. मनापासून केला गं. उभं राहायला मिळालं की तोच रंगमंच, हे तुझंच म्हणणं. आणि जो काही हशा फुटला! मी तोंडही उघडलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा इंडियन संडासाच्या पाया पडतोय. त्यानंतर माझे महिनाभर घासलेले विनोद सपशेल पडले.

दुकानाचा मालक डेल. त्याने मला मिठी मारली. म्हणाला, "ते वाकणं आहे ना, ते दर वेळी कर. जरा हळू. डोळे फिरव, ढुंगण वर काढ."

तेव्हाच त्याच्या तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. लोक हसत होते ना! दुसऱ्या शुक्रवारी डोळे फिरवले. मे महिन्यात टबाभोवती प्रदक्षिणा सुरू झाली. आता दुकानाबाहेरच्या पाटीवर माझा वाकलेला फोटो आहे. येताजाता मंडळी बघतात आणि मी दिसलो की तसंच वाकून दाखवतात.

गेल्या शनिवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता, शाळेच्या हॉलमध्ये. खरं लाकडी स्टेज, पडद्यामागे उदबत्तीचा वास. तू माझ्याकडून बसवून घेतलेला एकपात्री खानावळवाला मी करणार होतो. तेही कितीतरी दिवसांनी मराठीत. विंगेतून आलो, वाकलो, फळ्यांना हात टेकला. आणि मावशी, माझे डोळे फिरले. कंबर वर गेली. मी केलं नाही, ते झालं!

मुलं खिदळली. मंडळ स्थापन करणारे पुरुषोत्तमकाका पहिल्या रांगेत होते, ते उठून बाहेर गेले. याहून घाणेरडं सांगू? मुलं हसली तेव्हा मला बरं वाटलं. स्वतःची इतकी किळस मला आजवर कधी आली नव्हती.

गाडीत उत्तराने एवढंच विचारलं, "मुद्दाम केलंस?" मी हो म्हणालो. आपोआप झालं हे सांगायची लाज त्याहून मोठी होती. तिला अजून खरं सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

काल डेलला फोन करून सांगितलं, यापुढे येणार नाही. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, दुसरा कोणी बघतो. त्याला तेवढं वाकायला शिकवशील?" मी फोन आपटला.

डिसेंबरात मी येत नाही. खानावळवाला तुझ्या मंडळीतल्या राजीवला दे, तो नीट करील. नुसता बघायला ये, असंही म्हणू नकोस. पडद्याआड उभा राहीन, घंटा होईल, तू दुखऱ्या गुडघ्याने खाली वाकून फळ्यांना हात लावशील. आणि मला हसू आलं तर?

तुझ्याच हाताखाली शिकलेला,
श्रीरंग