कपात कप

मंगळवार, ४ मार्च

मिरचीला सुई टोचली!

मुकादमाचा फोन आला तेव्हा मी फ्लाइटनंतरची ऑफिसातली कामं उरकून विमानतळावरून नुकतीच घरी पोचले होते, बूटही काढले नव्हते. विमानातून उतरवलेला कचरा ज्या शेडमध्ये जातो तिथला हा मुकादम, आणि तिथेच मिरची कप निवडते. मिरची हे तिचं खरं नाव नव्हे, जिभेमुळे पडलेलं. एकात एक बसवलेल्या कपांची चळत सोडवत होती. मधल्या एका कपातली सुई हातमोज्यातून थेट अंगठ्यात. इन्सुलिनची, पेनाला लावतात ती बारीक. मुकादम म्हणाला, तुमचीच सकाळची फ्लाइट होती मॅडम, कोण प्रवासी असेल काही आठवतंय का?

मी म्हटलं, नाही.

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीत डुलक्या काढत होते.

बुधवार, ५ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते काल. माझ्याच फ्लाइटवर, माझ्या सवलतीच्या तिकिटावर. आठ दिवस आधीपासून शर्टाला इस्त्री चालली होती! जेवणाआधी त्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, म्हणून त्यांनी पांघरुणाखालीच पोटात टोचून घेतलं. सुई काढून कागदी कपात टाकली, वर टिश्यूचा बोळा. मी ट्रॉली घेऊन आले तेव्हा त्यांनी कप पुढे केला आणि हळूच म्हणाले, "यात ती आहे गं. जपून." चेहरा खोडी करताना पकडलेल्या पोरासारखा.

सुयांसाठी विमानात पिवळा डबा असतो, अगदी मागे. तो आणायचा तर सगळ्यांसमोरून आणावा लागला असता. बरोबरच्या मुलींनी विचारलं असतं, कुणासाठी? मला लाज वाटली. बाबांची. खरं तेच आहे. मी कप घेतला, चळतीत बसवला आणि त्यावर पुढच्या रांगेतला कप. मागे गेल्यावर काढू म्हटलं. मग एक बाळ ओकलं, मग कुणाला तरी चक्कर आली, मग उतरायची घोषणा. विसरले.

आणि कपात कप बसवायची ही पद्धत कुणी आणली? मीच! आधी सगळं एका पिशवीत कोंबलं जायचं आणि भट्टीत जायचं. कागदी कपाच्या आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा सोडवणारा कारखाना मी शोधला. वर्षभर साहेबांचं डोकं खाल्लं. चळत केली की जागा कमी लागते, हेही मीच पटवून दिलं. ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो लागलाय. हातात चळत, तोंडभर हसू.

शुक्रवार, ७ मार्च

शेडमध्ये जाऊन आले. जाताना संत्री नेली. संत्री! दुसरं काही सुचलं नाही.

शिळ्या कॉफीचा तो आंबूस वास. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका, एकेक कप उपसून उरलंसुरलं बादलीत ओतायचं आणि कप जाळीच्या पिंपात टाकायचा. मिरची अंगठ्याला पट्टी बांधून कामावर हजर होती. "आल्या कपवाल्या बाई," म्हणाली. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. सुई कुणाची ते माहीत नाही, म्हणून डॉक्टरांनी वाईटात वाईट धरून चालायला सांगितलंय. महिनाभर एचआयव्हीविरुद्धच्या गोळ्या, दुसरं काही दिलं नाही. त्यांनी पोटात ढवळतं, अन्न ठरत नाही. सासूने तिचं ताट-पेला वेगळा केलाय. "मी म्हटलं, वेगळं करताय तर घासाही तुम्हीच," असं सांगून ती हसली. बाकीच्याही हसल्या. मीही हसले.

निघताना ती दारापर्यंत आली. "सुईचा माणूस धडधाकट आहे की आजारी, एवढंच कळलं ना बाई, तरी मला झोप लागेल."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते एवढंच – काळजी घे.

शनिवार, ८ मार्च

बाबांनी विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, पाय दुखतात. त्यांनी पाणी गरम करून आणलं, पाय शेकायला. मी मुकाट्याने शेकून घेतले.

सोमवार, १० मार्च

बैठक झाली. कपांची योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, हा प्रश्न. जाड हातमोजे आणायचे ठरलं. बाकी सगळा राग त्या 'बेशिस्त प्रवाशा'वर. कुणीतरी म्हणालं, असल्या लोकांना विमानात घेतातच कशाला, साधी अक्कल नसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. माझ्या बापाला नावं ठेवत होते आणि मी मान डोलावली! त्यांना अक्कल होती. त्यांनी सांगून कप हातात दिला होता. अक्कल गेली ती माझी.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरीवर गदा येईल, योजनाही बुडेल. आणि बाबांकडे तर विषयच काढू नकोस, म्हातारपणी मनाला लावून घेतील. हे शेवटचं मला फार पटलं. बाबांसाठी गप्प बसायचं म्हटलं की गप्प बसणं किती सज्जन दिसतं!

मंगळवार, ११ मार्च

ड्यूटी. चळत केली नाही, कप सुटे नेले. एका मुलीने विचारलं, ताई, तुमचाच नियम ना? मी ट्रॉली पुढे ढकलली.

गुरुवार, १३ मार्च

मिरचीचा स्वतःहून फोन. नंबर मुकादमाकडून घेतला म्हणाली. काल शेडमध्ये घेरी येऊन पडली, आज घरीच आहे. नवरा बोलत नाही, बोलला तर कामच सोड म्हणतो. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमच्या विमानातल्या माणसांचे नंबर ऑफिसात असतील ना? एकेकाला विचाराल का? मी कुणाला दोष देणार नाही. शप्पथ."

मी म्हटलं, तसं नियमात बसत नाही.

नियमात! मी! फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मुलगी दार वाजवत होती, आई किती वेळ? माझी मलाच किळस आली. दुसरा शब्द नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ठरलं. उद्या सांगायचं.

पण नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही, पुरावा हवा. बाबांचं रक्त तपासून घेऊ आणि रिपोर्ट घेऊन थेट मिरचीच्या घरी जाऊ. बाबा ठणठणीत आहेत. साखर सोडली तर साधी सर्दीसुद्धा होत नाही. ऐकून तिचा जीव भांड्यात पडेल. गोळ्या थांबतील, सासू ताट परत मांडेल. मला ती शिव्या घालील, घालू दे, चांगल्या सणसणीत घालते. साहेबांचं मग बघू. फोटो काढा म्हणेन भिंतीवरून.

बाबांनाही सांगावं लागेल. त्यांना वाईट वाटेल, पण चूक माझी आहे हे स्पष्ट सांगेन.

फार दिवसांनी जेवण गोड लागलं. मनातल्या मनात मिरचीकडून माफीसुद्धा घेऊन झाली. निर्लज्जपणाच, पण हलकं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, कपडे बदला, रक्त तपासायला जाऊ. ते उठले नाहीत.

"तपासायला नको," म्हणाले. "मला कावीळ आहे. रक्तात राहते ती, बी म्हणतात. तुझी आई गेली त्या वर्षी रक्त द्यायला गेलो होतो, तेव्हा कळलं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तू नातीला माझ्या मांडीवर बसू दिलं नसतंस."

मग त्यांनीच विचारलं, त्या बाईला सुई कधी लागली? म्हटलं, त्याच दिवशी, आपण आलो तेव्हा. त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं म्हणे – तुमची सुई कुणाला लागली तर लगेच इंजेक्शन द्यावं लागतं, फार तर आठवड्याच्या आत. नंतर त्याचा उपयोग नाही. आज अकरा दिवस झाले.

मिरचीला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला बाई," म्हणाली. "सापडला का माणूस?"