नांदुर्कीवरची लोकर

तासगाव,
१६ मार्च २०२५

चि. अमृत यास,

मौलाचाचाकडून पोटभर दुवा. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा म्हटलं, कागद तरी हातात धरशील. आमचा झिशान कांद्याच्या सौद्याला लोणंदला येतोय, त्याच्याबरोबर पत्र आणि नवा बेदाणा धाडलाय. कंपनीतल्या सोबत्यांना दे, पण हिरवा तेवढा तू खा. चाची बरी आहे. मीही बरा. केस गेले, कान शाबूत आहेत.

आता बातमी. वाडीच्या तळ्यावर दिवाळीआधी पाखरांची एक जोडी आली. मासळीचा ठेका माझा, म्हणून सकाळी मी बांधावर असतो. दिसायच्या आधी ऐकू आलं. आंक, आंक, आंक, वंगण आटलेल्या गाडीच्या चाकासारखं. एक थांबलं की दुसरं सुरू. मान वर केली तर डोकं, छाती, पोट पांढरंशुभ्र; पाठ राखाडी; शेपूट आखूड, पाचरीसारखं. पंख वर उचलून तरंगत होतं, घार असे धरत नाही. कोकणातल्या एका गिऱ्हाइकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "अहो मौलाशेठ, हा तर आमचा समुद्रगरुड. घाट चढून तुमच्याकडे कसा?" म्हटलं, तुमच्याकडची मासळी महाग झाली असेल.

जोडीनं तुमच्या बांधावरच्या नांदुर्कीच्या झाडावर काटक्यांचं घरटं रचलं. बाजेएवढं! त्यात पिल्लू झालं. नर पाण्यालगत सरकत येतो, बुडी मारत नाही, नुसते पाय खाली सोडतो आणि वरच्यावर कटला उचलतो. माझा कटला! लोक म्हणायचे, "मौला, दिवसाढवळ्या लुटतंय की रं तुला." मी म्हणायचो, "असू द्या. घासाघीस न करणारं एवढं एकच गिऱ्हाईक हाय."

पण तुझा बाप बाळासो बिघडला. संक्रांतीनंतर तुमची कोकरं गायब व्हायला लागली होती. बाळासोनं नांदुर्कीखाली बघितलं, तर लोकर पडलेली. घरट्यातूनही लोंबत होती. झालं, चोर सापडला.

मागच्या महिन्यात मी तळ्याच्या पल्याड उभा होतो. वाऱ्यावर दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. विळा तसा वाजत नाही. कुऱ्हाड! या पोटासकट पळत सुटलो. पोचेस्तोवर बाळासोचा एक घाव बसला होता. वर पिल्लू होतं, तपकिरी, उडता न येणारं, खाली डोकावून बघत.

"बाजूला हो मौला. झाड माझं हाय."

"झाड तुझं, पण खातंय माझं. मी तक्रार करत न्हाई, तर तू का पेटलायस?"

"तुझी मासळी जाती. माझी कोकरं गेल्यात, गड्या. हातानं पाजल्याली."

तेवढ्यात तुझी आजी, आमची भामामावशी, काठी टेकत आली. तिनं खालची लोकर उचलली, बोटांत फिरवली आणि बाळासोच्या नाकासमोर धरली.

"बाळा, हिला कातरीचं तोंड हाय. टोकं बघ, कशी एकसारखी. पाखरानं वरबाडली असती तर कातडं आलं असतं संगं. आन् ही धुतल्याली हाय. दिवाळीला आपुनच मेंढरं तळ्यात धुवून कातरली न्हवं? तवा उडाली ती येचून नेली. लेकरासाठी गादी घातलीया तिनं, आन् तू झाड तोडाय निगालास व्हय?"

"मग कोकरं कुनी नेली?"

"लांडग्यानं. मेंढरांच्या जाळीची मागली बाजू उघडी पडलीया."

मागली बाजू कोण राखायचं, हे तिघांपैकी कुणीच बोललं नाही. बाळासोनं कुऱ्हाड खाली ठेवली. तू मनाला लावून घेऊ नकोस. आता दोन कुत्री आणलीत, राहिलेली कोकरं धडधाकट आहेत.

आणि काल, लेका, पिल्लू उडालं! आधी फांदीवर नुसतंच पंख फडफडवत होतं. आईबाप समोरच्या झाडावर मासा धरून बसले आणि हाका मारत राहिले. मग सोडलंच अंग त्यानं. खाली आलं, पाण्याला लागतंय असं वाटलं, बाळासोनं माझा दंड घट्ट धरला. आणि गेलं की वर! तुझा बाप बांधावर नाचला. रस्त्यानं जाणारी एसटी थांबवून ड्रायव्हरला सांगितलं, "आमच्या झाडावरचं हाय, आमच्या!" घाव घातलेल्या खोडाला भंडारा लावला, माझ्याही कपाळाला फासला. मी म्हटलं, लाव, बेदाण्यालाही असाच रंग चढू दे.

मग खाली बसून, एसटी गेली तिकडे बघत त्यानं मला तुझ्याबद्दल काहीतरी विचारलं. लगेच म्हणाला, "पोराला बाकी समदं लिव. म्या इचारलं तेवढं लिवू नगंस." म्हणून ते लिहिलेलं नाही.

तिघांच्या वतीनं, पण हात एकट्याचा,
तुझा मौलाचाचा