स्पितीला निघण्याआधी

५ एप्रिल, रवि. ताडकळस.
धाकटा दत्ता आला. नकाशा चटईवर पसरला. शिमला, किन्नौर, मग स्पिती. काझाच्या पुढं तीन मुक्काम तंबूत, जिथं ना गाव ना मोबाईलला रेंज. एक जूनला निघायचं, त्याच्याच जीपनं, आम्ही बहीणभाऊ दोघंच. ह्यांना म्हशी सोडून कुठं जायचं नाही. कल्पना दत्ताची. दिवाळीपासून मागं लागलाय, यंदाच जायचं अक्का, पुढच्या वर्षावर नको.
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कशाची तरी वाट बघतेय.

९ एप्रिल, गुरु.
तंबू आला. अंगणात उभा करून बघितला. शेजारच्या बाया आत बसून गेल्या. स्टोव्ह, डिझेलचे कॅन, दोन स्टेपन्या तयार. तिकडं उंचीवर दम लागतो म्हणून दोघांचं बीपी बघितलं. ठीक. मला फक्त स्कूटी येते, जीप सगळी त्यानंच चालवायची. काळजी नाही. बारा वर्षं शाळेची बस चालवतोय, एक ओरखडा नाही.

१२ एप्रिल, रवि.

सराव म्हणून सकाळीच सामान भरून चारठाण्याकडं गेलो होतो. परतताना रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई सरपणाची मोळी घेऊन चाललेली. लख्ख ऊन. मला लांबूनच दिसली. दत्ता सरळच चालवत राहिला. मी स्टिअरिंग उजवीकडं ढकललं. आरसा मोळीला घासला, मोळी पडली. बाई वाचली. पाणी पाजलं. मोळी बांधून निघून गेली.
दत्ता म्हणाला, "ही कुठून आली?"
कुठून म्हणजे? ती तिथंच होती.
बाभळीखाली गाडी लावायला लावली. म्हणलं एक डोळा झाक, माझ्या नाकाकडं बघ. कानाच्या बाजूनं बोट पुढं आणत गेले. न्हाई. अजून पुढं. न्हाई. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाला, आता दिसलं. दुसऱ्या डोळ्याचंही तेच.
त्याला माहीत होतं. काचबिंदू. दिवाळीच्या आधीच डॉक्टरनं सांगितलंय. गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकायलोय म्हणाला. मग खाली बघून,
"दिसायलंय तोवर डोंगर बघून घ्यावं म्हणलं, अक्का."
तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते मी. गावाचे डोळे बघितले. ह्याचेच बघायचे राहिले.
घरापर्यंत बैलगाडीच्या चालीनं आलो. डावीकडं काय आहे ते मी सांगत होते.

१३ एप्रिल, सोम.
सातला बस गेली. तोच चालवत होता. शेजारच्या संगीताची पोर पुढच्याच सीटवर, मला हात करत. 
संध्याकाळी त्याच्या घरी गेले. म्हणाला, सुट्टी लागेपर्यंत गप बस, मग सोडतो. म्हणलं, न्हाई. परवापर्यंत तू सांग, न्हाईतर मी सांगते. आई गेल्यावर मीच वाढवलाय त्याला. असं बोलायची वेळ येईल वाटलं नव्हतं.
"बस हातची सुटल्यावर मी करू काय?" एवढंच विचारलं त्यानं. 
स्पितीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

१५ एप्रिल, बुध.
काल सुट्टी होती. आज सकाळी बसवर परत तोच.
दहाला शाळेत गेले. हेडबाई ओळखीच्या, त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलेलं. बसा सिस्टर म्हणाल्या, चहा सांगितला. मी म्हणलं, दत्ताबद्दल बोलायचंय.  तेवढ्यात दत्ता दारात. मला तिथं बघून आत आला.
"अक्का, तू भायेर थांब. मी बोलतो."
काय बोलणार, ते विचारता आलं नाही. उठले.
व्हरांड्यात बाकावर बसून हे लिहितेय. आत चहा गेला, दोनच कप. आतून हेडबाई एकदा हसल्यासारखं वाटलं. नंतर काहीच ऐकू येत नाही. अर्धा तास झाला असेल.
दार बंद आहे. उघडल्यावर बसची किल्ली त्याच्याच हातात दिसली, तर मी आत जाणार.